गावाची खोली : गिरणगावातील वस्ती आणि समूहभावना

मोठ्या शहराचा नकाशा भाषेच्या, जातीच्या आणि प्रांताच्या रंगांनी रंगविता येतो, ही गोष्ट मुंबईत राहिलेल्या कोणालाही मुद्दाम सांगावी लागत नाही. लालबाग-परळ म्हटले की कोकणातील चाकरमानी, मदनपुरा म्हटले की उत्तर प्रदेशातून आलेले मुसलमान विणकर, कामाठीपुऱ्यात तेलुगू भाषा, धोबीतलावाच्या आसपास गोमंतकीय ख्रिस्ती, माटुंग्यास तमिळ ब्राह्मण, ही समीकरणे आपल्या मनात पक्की ठसलेली आहेत. त्यांतील कित्येक आज जुनी झाली, तरी ठसा पुसलेला नाही. त्यांचे स्पष्टीकरणही ठरलेले असते. मनुष्य आपल्याच माणसांजवळ राहतो. गावाहून येताना तो आपले संस्कार गाठोड्यात बांधून आणतो आणि शहरात ते गाठोडे सोडून बसतो. हे स्पष्टीकरण अगदीच चूक आहे असे म्हणता येणार नाही. पण ते अपुरे आहे, आणि त्याच्या अपुरेपणातून अभ्यासकांची व राज्यकर्त्यांची सारखीच दिशाभूल झालेली आहे. गाठोड्यात काय होते, यापेक्षा शहराने त्या माणसाकडे पहिल्या दिवशी काय मागितले, हा प्रश्न आधी विचारावयास हवा. शहराने त्याच्याकडे जामीन मागितला. कामाला जामीन, उधारीला जामीन, रात्री पाठ टेकण्यापुरत्या जागेलाही जामीन. हा जामीन ज्यांच्याकडून मिळू शके त्यांचा समूह ती त्याची 'आपली माणसे' ठरली, आणि त्यांची वस्ती ती त्याची वस्ती झाली, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी मुख्यतः गिरणगावाचे उदाहरण घेतले आहे.

प्रथम परिभाषेविषयी थोडे. इंग्रजीतील 'एथ्निक' या शब्दासाठी मराठीत 'वांशिक' हा शब्द रूढ झाला आहे. मुंबईच्या संदर्भात तो फार अडचणीचा ठरतो. रत्नागिरीचा मराठा आणि साताऱ्याचा मराठा यांच्यात वंशाचा भेद कोणालाही दाखविता यावयाचा नाही. तथापि गिरणगावात त्यांतील एक 'कोकणी' होता आणि दुसरा 'घाटी' होता, व या दोन शब्दांवर कोणाला कोठे खोली मिळावी, कोणी कोणाच्या खाणावळीत जेवावे, हे पुष्कळ अंशी ठरत असे. येथे भेद आहे, त्याला नाव आहे, त्यावर व्यवहार चालतो. मात्र त्याच्या मुळाशी वंश नाही. म्हणून या लेखात 'समूहभावना' हा साधा शब्द योजिला आहे.

१८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी कापड गिरणीची स्थापना केली आणि दोन वर्षांनी ती ताडदेव येथे सुरू झाली. तेव्हापासून पुढील सत्तर वर्षांत मुंबई ही बाहेरून आलेल्या पुरुषांची नगरी बनत गेली. १९२१ च्या जनगणनेचे दोन आकडे येथे पुरेसे आहेत. त्या वर्षी शहरातील दर शंभर माणसांपैकी सुमारे सोळाच मुंबईत जन्मलेली होती. आणि हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या सव्वापाचशेच्या आसपास होती. म्हणजे बिऱ्हाड करून राहणारा कामगार हा अपवाद नसला तरी नियमही नव्हता. बायको-मुले गावी, शेतीचा तुकडा गावी, आणि पुरुष गिरणीत, अशी कुटुंबाची विभागणी झालेली होती. ती केवळ गावाच्या ओढीमुळे झाली असे मानणे भाबडेपणाचे होईल. गिरणीचे वेतन आणि मुंबईचे भाडे यांचा मेळ बसत नव्हता, काम रोज मिळेल याची शाश्वती नव्हती, आजारपण किंवा म्हातारपण आले तर शहरात आधार नव्हता. गावची जमीन हा त्या कामगाराचा विमा होता आणि त्याचा हप्ता तो मनिऑर्डरीने भरीत होता. हेमलता दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातील सुगाव या गावाचा अभ्यास करून १९८६ मध्ये जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात पुरुष मुंबईस व स्त्रिया घरी या विभागणीची गावाकडील बाजू तपशिलाने आली आहे.

अशा माणसाला गिरणीच्या फाटकात शिरण्याचा मार्ग कोणता होता? मालक किंवा व्यवस्थापक त्याला ओळखत नसे. भरती करणे, कामावर नेमणे, खाडे झाल्यास बदली घेणे ही सारी सत्ता जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या हाती होती. स्त्रियांच्या खात्यांत तीच सत्ता नाइकिणीकडे असे. मुकादमाला दस्तुरी द्यावी लागे ही गोष्ट त्या काळच्या चौकश्यांतून वारंवार आलेली आहे आणि तीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यामानाने दुसऱ्या बाजूकडे दुर्लक्ष झाले. मुकादमालाही माणसांची गरज होती. सकाळी पाळी सुरू होताना खात्यात पुरेसे हात उभे करणे ही त्याची जबाबदारी होती, आणि ती पार पाडावयाची तर माणसे गिरणीपासून हाकेच्या अंतरावर, त्याच्या माहितीत आणि शक्य तर त्याच्या उपकाराखाली असणे सोयीचे होते. म्हणून मुकादम हा कित्येकदा खोल्या भाड्याने देणारा, सावकारी करणारा, तालमीला वर्गणी देणारा असाही असे. बहुसंख्य गिरणी कामगार गिरणीपासून पायी पंधरा मिनिटांच्या आत राहत, याचे कारण केवळ ट्रामचे भाडे वाचविणे हे नव्हते. ज्या नाक्यावर तो उभा राही तेथेच त्याला बदलीचे काम, वाण्याची उधारी आणि संपाची बातमी मिळे. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात गिरणी आणि वस्ती यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही, असे जे दाखवून दिले आहे, त्याचे मर्म येथे आहे.

या व्यवस्थेचा सर्वांत लहान आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा घटक म्हणजे गावाची खोली. चाळीतील दहा-बारा फूट लांबी-रुंदीची एक खोली एखाद्या गावच्या, किंवा गाव मोठे असेल तर एखाद्या वाडीच्या, मंडळींनी मिळून धरलेली असे. भाडेपावती एका वडीलधाऱ्या माणसाच्या नावावर. भाडे सर्वांनी वाटून द्यावयाचे. भिंतीशी ट्रंकांची रांग, वर दोरीवर किंवा माळ्यावर वळकट्या, आणि भिंतीवर ग्रामदैवताची तसबीर. वीस-पंचवीस, प्रसंगी त्याहून अधिक माणसे एका खोलीची सभासद असत, आणि ती सर्व एका वेळी खोलीत मावत नसत. मावण्याची गरजही नव्हती. पहिल्या पाळीचा मनुष्य उठून गेला की रात्रपाळीचा त्याच्या जागी आडवा होई, आणि उन्हाळ्यात पुष्कळसे लोक सज्जात किंवा पदपथावर झोपत. जेवण खाणावळीत. खाणावळ चालविणारी बाई बहुधा त्याच प्रदेशातील, कारण महिनाभर उधारीवर वाढावयाचे आणि पगाराच्या दिवशी वसूल करावयाचे, तर बुडव्या माणसाचे घर कोठे आहे हे ठाऊक असणे आवश्यक. चवीचा प्रश्न होताच. मात्र उधारीचा प्रश्न चवीच्या आधी येत असे. (प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली ती याच खाणावळवाल्या स्त्रियांना सावकारीच्या विळख्यातून सोडविण्यासाठी. गिरणगावाच्या अर्थव्यवहारातील त्यांच्या स्थानाकडे अभ्यासकांचे लक्ष फार उशिरा गेले.)

गावाहून नव्याने आलेला मुलगा प्रथम या खोलीत उतरे. काम लागेपर्यंत त्याच्याकडून भाडे घ्यावयाचे नाही, असा शिरस्ता असे. काम लागले की तो वर्गणीदार होई. ही वर्गणी केवळ भाड्यापुरती नसे. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची इमारत, पालखीचा उत्सव, एखाद्याच्या मृत्यूचा खर्च, संपाच्या काळात गावी जाण्याचे भाडे, हे सारे तीतून निघे. यातूनच अमुक गाव ग्रामस्थ मंडळ, मुंबई, अशा नावाच्या शेकडो संस्था उभ्या राहिल्या. गावातील भाऊबंदकीची भांडणे मुंबईच्या खोलीत मिटविली जात, आणि खोलीतील गैरवर्तनाची शिक्षा गावातील घरी पोहोचे. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. गावात जे लोक वाडीवाडीने, भावकीभावकीने विभागलेले होते, त्यांना 'आम्ही अमुक गावचे' असे एकत्र म्हणण्याचा प्रसंग पुष्कळदा मुंबईतच प्रथम आला. गावाचे मंडळ गावात नव्हते. ते लालबागेत होते.

जे गावाचे तेच प्रांताचे. संगमेश्वरचा मनुष्य संगमेश्वरी असतो, राजापूरचा राजापूरकर, मालवणचा मालवणी. कोकणात असताना आपण 'कोकणी' आहोत असे म्हणण्याची पाळी त्याच्यावर क्वचितच येते. तो कोकणी झाला तो शेजारच्या खोलीत घाटावरचा मनुष्य राहावयास आला तेव्हा. 'घाटी' या शब्दाचा प्रवास तर अधिकच बोलका आहे. कोकणी माणसाच्या तोंडी तो साताऱ्या-पुण्याकडच्या माणसापुरता होता. अमराठी मुंबईकराच्या तोंडी गेल्यावर त्याने कोकण्यालाही पोटात घेतले. 'भैय्या' हा मूळ आदराचा संबोधनशब्द. मुंबईने त्याचे जातिवाचक नामात रूपांतर केले. तेलंगणातून बांधकामाच्या मजुरीसाठी आलेल्या निरनिराळ्या जातींना मिळून 'कामाठी' हे नाव येथेच चिकटले, आणि त्यावरून एका पुऱ्यालाही. ही नावे गाठोड्यातून आलेली नाहीत. शहराच्या श्रमविभागणीने ती पाडली.

गोमंतकीयांचे 'कूड' तुलनेसाठी उपयोगी पडतात. धोबीतलाव, डाबूल, माझगाव या भागांत गोव्यातील एकेका गावाने आपापला कूड चालविला. जेरमहाल या एकाच इमारतीत असे अनेक कूड आहेत. तेथेही ट्रंका, सामायिक भाडे, आणि भिंतीवरील तसबिरीऐवजी गावच्या संताची वेदी. संध्याकाळच्या प्रार्थनेस हजर राहण्याचा नियम. सभासदांत बोटीवर नोकरी करणारे खलाशी पुष्कळ असत. एक सफर संपली की दुसरी मिळेपर्यंत माणसाला आठवडे किंवा महिने काढावयाचे असत, आणि त्या अवधीत शहरात पत्ता लागे. धर्म निराळा, भाषा निराळी, गावी राज्य पोर्तुगीजांचे, तरी संस्थेचा आराखडा गिरणगावातील खोलीशी जवळजवळ जुळतो. आराखडा जुळतो कारण गरज जुळते. १८९२ मध्ये पहिला कोकणी तियात्र रंगभूमीवर आला तोही गोव्यात नव्हे तर मुंबईत, ही घटना या दृष्टीने अपघाती वाटत नाही.

येथवरचे वर्णन वाचून गिरणगाव म्हणजे परस्परसाह्याचे नंदनवन होते असा समज होण्याचा संभव आहे. तो वेळीच दूर केला पाहिजे. जामिनाची व्यवस्था ज्यांना आत घेते तितक्याच निश्चयाने ती इतरांना बाहेर ठेवते. महार कामगारांना गिरण्यांच्या विणकाम खात्यात, म्हणजे कामगारांच्या भाषेतील साळखात्यात, प्रवेश नव्हता. धोट्यात नवी कांडी भरताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि तो धोटा अनेकांच्या हाती जात असल्याने विटाळाची सबब पुढे केली जाई. साळखात्यातील मजुरी इतर पुष्कळ खात्यांहून जास्त होती; म्हणजे या सबबीची किंमत रोख रकमेत मोजता येण्यासारखी होती. १९२८-२९ च्या संपांच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न जाहीरपणे उपस्थित केला, तेव्हा कामगारांच्या एकजुटीला त्यामुळे तडा जातो असे उत्तर देणारेही होते. तडा आधीपासून होता, हे त्यांच्या गावी नव्हते. स्वतः डॉ. आंबेडकर १९१२ पासून १९३४ पर्यंत परळला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहिले. ट्रस्ट, पुढे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, या सरकारी घरमालकांच्या चाळींत अस्पृश्य कामगारांना खोल्या मिळू शकल्या, खाजगी चाळींत त्या मिळणे दुरापास्त होते. मात्र एका आवारात आल्याने शेजार होतोच असे नाही. वरळीच्या बी.डी.डी. चाळींत कोणती चाळ कोणाची हे सर्वांना ठाऊक असे, आणि जानेवारी १९७४ मध्ये तेथे सवर्ण व दलित रहिवाशांत जी दंगल उसळली ती या ठाऊक असण्याच्या आधारानेच लढली गेली.

वस्तीचे हे बंध संपात आणि दंगलीत सारखेच कामी येतात. १९२८ चा सार्वत्रिक संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. सहा महिने वेतन नसताना कामगार टिकला, कारण वाण्याने उधारी दिली, खाणावळीने थांबून घेतले, खोलीने भाड्याची तजवीज केली आणि उरलेले लोक गावी गेले. लगेच पुढच्या फेब्रुवारीत, म्हणजे १९२९ मध्ये, पठाण मुले पळवितात अशा अफवेवरून त्याच वस्त्यांत पठाणांविरुद्ध दंगल झाली. पठाण हा व्याजाने पैसे देणारा होता आणि संपफोड्या म्हणूनही त्याला आणले गेले होते. त्याच्याविरुद्धचा राग निराधार नव्हता. पण दंगलीत मारला जाणारा पठाण हा सावकार असेलच असे नाही. चाळी त्याच होत्या, तालमी त्याच होत्या आणि आदल्या वर्षी निरोप पोहोचविणारी माणसेही पुष्कळशी तीच असणार. तेव्हा समूहभावना 'मागासलेली' आणि वर्गभावना 'पुढारलेली' अशी जी सोयीची विभागणी आपण परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत वाचतो, ती गिरणगावाच्या नाक्यावर उभे राहिल्यास टिकत नाही.

शास्त्रीय वाङ्मयात या प्रश्नाची चर्चा दोन टोकांनी झाली आहे. शिकागोच्या लुई वर्थ यांनी १९३८ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात महानगरात प्राथमिक संबंध विरळ होत जातात असे मांडले. हर्बर्ट गान्स यांनी १९६२ मध्ये बॉस्टनमधील इटालियन वस्तीचे जे चित्र रेखाटले त्यात, उलट, शहराच्या मध्यभागी खेडे नांदताना दिसते. मात्र झोपडपट्टी ठरवून ती वस्ती पाडण्यात आली. मुंबईला या दोहोंपेक्षा अबनेर कोहेन यांचे विवेचन अधिक लागू पडते. नायजेरियातील इबादान शहरात राहणाऱ्या हौसा व्यापाऱ्यांच्या अभ्यासात (१९६९) त्यांनी असे दाखविले की कोलानट व गुरे यांच्या दूरच्या व्यापारात उधारी आणि विश्वास यांची हमी देणारी दुसरी यंत्रणा नसल्यामुळे हौसा असणे हीच ती यंत्रणा बनली, आणि म्हणून शहरात ती भावना क्षीण न होता बळावली. गिरणगावासंबंधी एवढीच पुस्ती जोडावी लागेल की येथे हमी व्यापाराची नसून पोटाची होती.

पांढरपेशा वर्गाची कथा वेगळ्या मार्गाने गेली. चित्रापूर सारस्वतांनी १९१५ मध्ये गावदेवी येथे सहकारी गृहसंस्था स्थापन केली. त्या जातीने शहरात स्वतःची घडण कशी केली हे फ्रँक कॉनलन यांच्या १९७७ च्या ग्रंथात वाचावे. कामगाराची खोली तोंडी शब्दावर चाले, तर पांढरपेशाची सोसायटी नोंदणीकृत पोटनियमांवर. हा फरक लहान नाही. २००५ मध्ये अहमदाबादेतील पारशी गृहसंस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवणारा पोटनियम ग्राह्य धरला. म्हणजे एकाच प्रवृत्तीला गिरणगावात संकुचितपणा म्हणावयाचे आणि सोसायटीत घटनेने दिलेले संघटनस्वातंत्र्य, असा प्रकार आहे. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतील अनेक मुसलमान कुटुंबे मिश्र वस्त्या सोडून मुंब्र्यासारख्या ठिकाणी गेली. त्यांच्या स्थलांतराला 'आपल्या माणसांची ओढ' म्हणणे हा क्रूर विनोद होईल. त्यांनाही हवा होता तो जामीनच, फक्त या वेळी जिवाचा.

कोकणी, घाटी, देशावरचा हे भेद मागे सारून 'मराठी माणूस' ही व्यापक ओळख गिरणगावात दृढ झाली ती संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत, १९५६ ते १९६० या काळात. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेने तिला वस्तीवस्तीत शाखेचे रूप दिले. या पक्षाच्या विचारसरणीविषयी विपुल लेखन झाले आहे आणि त्यात भर घालण्याचे येथे प्रयोजन नाही. पण शाखेचे दैनंदिन काम, म्हणजे नोकरीसाठी शब्द टाकणे, रुग्णालयात खाट मिळवून देणे, भाडेकरूचे भांडण मिटविणे, हे पाहिले तर पूर्वी मुकादम, खोली आणि दादा यांच्यात वाटलेली जामीनकी तिने आपल्याकडे एकवटली असे म्हणावेसे वाटते.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लक्ष कामगार उतरले. तो संप रीतसर मागे घेतला गेला नाही आणि कामगारांपैकी पुष्कळजण पुन्हा कधीच कामावर गेले नाहीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी गिरण्यांची जमीन विक्रीस मोकळी करताना तिचा मोठा भाग सार्वजनिक मोकळी जागा व घरे यांसाठी राखला होता. २००१ मधील दुरुस्तीने हा वाटा फारच आक्रसला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. पुढचा इतिहास सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. बी.डी.डी. चाळींचेही पुनर्वसन चालू असून १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांची सदनिका मिळावयाची आहे. वरळीतील पहिल्या सदनिकांचा ताबा २०२५ मध्ये देण्यात आला. ज्या कुटुंबांनी तीन पिढ्या एका खोलीत काढल्या त्यांच्या आनंदावर विरजण घालण्याचा अधिकार समाजशास्त्राला नाही.

प्रश्न आहे तो कुटुंबाच्या खोलीचा नाही, गावाच्या खोलीचा आहे. पुनर्विकासाच्या कायद्याला भाडेकरू ठाऊक आहे, आणि भाडेकरू म्हणजे पावतीवरील नाव. ज्या वडीलधाऱ्या गृहस्थाच्या नावावर चार-पाच दशकांपूर्वी पावती फाडली गेली तो बहुधा हयात नसतो. त्याचे वारस असतात. खोलीचे भाडे मात्र गावातील किती माणसांनी किती वर्षे भरले याची नोंद पावतीवर कोठेच नसते. जोवर खोलीला मोल नव्हते तोवर शब्द पुरेसा होता. आता तिची किंमत कोटीच्या भाषेत बोलली जाते, आणि त्या शब्दाला न्यायालयात उभे राहावयाचे आहे. ज्या गावांनी आपल्या मंडळाची नोंदणी विश्वस्त संस्था म्हणून करून पावती तिच्या नावावर चढवून घेतली त्यांची स्थिती बरी आहे. पण ही दूरदृष्टी सर्वांना कशी असणार?

असा शब्द जेथे कागदावर उतरला आहे ती जागा म्हणजे मंडळांच्या वर्गणीच्या वह्या. नीरा आडारकर व मीना मेनन यांनी कामगारांच्या तोंडून गिरणगावचा इतिहास नोंदवून २००४ मध्ये प्रसिद्ध केला आणि एक मोठी उणीव भरून काढली. वह्यांचे काम मात्र अद्याप जवळजवळ अस्पर्शच आहे. कोण कधी आला, कोणाच्या ओळखीने आला, कोणत्या गिरणीत लागला, कधी वर्गणी थकली, कोणाच्या भाड्याचा भार इतरांनी उचलला, हे सारे त्यांत तारीखवार आढळण्याचा संभव आहे. खोली रिकामी करावयाची वेळ येते तेव्हा ट्रंका डोंबिवली-नालासोपाऱ्याकडे किंवा परत गावी जातात. वह्यांना कोणी वाली नसतो. त्यांच्या नकला करून घेणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रबंधाच्या आवाक्यातील काम आहे. त्यासाठी छापील प्रश्नावली लागत नाही. मंडळाची सभा रविवारी असते, आणि तेथे जाऊन बसण्याची परवानगी मिळविण्याकरिता त्या गावच्या कोणाची तरी ओळख लागते.